खेड्यातली मतं अजून यायची आहेत
(जिल्हा बैठकीतील भाषण)



निवडणूक आली की आपल्याकडे दोन धंदे तेजीत येतात. एक फलक छापणाऱ्यांचा आणि दुसरा भाकितं करणाऱ्यांचा. कोण येणार, किती जागांनी येणार, हे टीव्हीवाले सांगतात, पेपरवाले सांगतात, एस.टी.त शेजारी बसलेला माणूसही सांगतो. आणि या प्रत्येकाच्या हिशेबात एक वाक्य ठरलेलं असतं : 'ग्रामीण भाग अमक्याच्या पाठीशी आहे.' ग्रामीण भाग म्हणजे आपण. आपल्याला कोणी विचारलेलं नसतं, तरी आपण कोणाच्या तरी पाठीशी उभे असतो.

या वाक्याचा एकदा भर चौकात फज्जा उडाला. तो आपल्याकडे नाही, अमेरिकेत, १९४८ साली, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत. कापूस, सोयाबीन, कांदा सोडून आज अमेरिका कशाला, असं काहीजण म्हणतील. पण त्या निवडणुकीच्या मुळाशी मक्याचा भाव होता आणि मका साठवायच्या कोठ्या होत्या. म्हणून आम्ही आजचा वेळ त्यासाठी मागून घेतला.

आधी तिथली पद्धत समजून घेऊ. आपल्याकडे राष्ट्रपतीची निवड आमदार-खासदार करतात. तिथं लोक मत देतात, पण हिशेब राज्यवार होतो. प्रत्येक राज्याची ठरावीक 'निर्वाचक मतं' असतात. राज्यात जो पुढे राहील, मग तो लाखानं पुढे असो की शंभरानं, त्याला साधारणपणे त्या राज्याची सगळीच्या सगळी मतं मिळतात. १९४८ साली ४८ राज्यांची मिळून ५३१ निर्वाचक मतं होती आणि जिंकायला २६६ लागत. त्यामुळं देशभरात कोणाला किती टक्के, हा आकडा ऐकायला बरा. खुर्ची ठरते ती चार-दोन अटीतटीच्या राज्यांत.

उमेदवार दोन प्रमुख. हॅरी ट्रूमन हे डेमोक्रॅटिक पक्षाचे, ज्याचं चित्र गाढवाचं. १९४५ च्या एप्रिलमध्ये रूझवेल्ट वारले आणि हे उपाध्यक्षाचे अध्यक्ष झाले. माणूस मिसुरी राज्यातला, ग्रँडव्ह्यूच्या घरच्या शेतात १९०६ पासून १९१७ पर्यंत राबलेला. समोर रिपब्लिकन पक्षाचे, हत्तीच्या चित्राचे थॉमस ड्यूई, न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर. शेत त्यांच्याकडेही होतं, पॉलिंग गावी, दुधाच्या गायींचं. पण आपल्याकडेही पुढाऱ्यांच्या सातबाऱ्यावर शेती असते, तेव्हा त्यावर जास्त बोलायला नको.

ट्रूमन यांचा पक्ष फुटलेला होता. दक्षिणेतले वर्णभेदवाले थर्मंड यांच्या मागं निघून गेले. डावीकडचे हेन्री वॉलेस यांच्या मागं गेले. हे वॉलेस म्हणजे आयोवाचे, मक्याच्या संकरित बियाण्याची कंपनी काढणारे आणि रूझवेल्टचे शेतीमंत्री राहिलेले. स्वतःच्या पक्षाची अशी तीन शकलं झाल्यावर ट्रूमन पडणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही, असं सगळे म्हणत.

आणि ज्योतिषी तर फार मोठे होते. त्याची मागची हकीगत ऐका. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना टपालानं मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांवर परत आल्या. त्यांनी सांगितलं, रूझवेल्ट पडणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले! साप्ताहिकानं नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. मंदीच्या दिवसांत ज्याच्या घरी फोन आणि दारात मोटार, त्याला विचारून देशाचं मत ठरवलं. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप या गृहस्थांनी थोड्याच लोकांना विचारून बरोबर निकाल सांगितला. तेव्हापासून गॅलप, क्रॉसली आणि रोपर या तिघांचा शब्द म्हणजे वेदवाक्य झालं.

१९४८ मध्ये या तिघांचं एकमत होतं. शेवटच्या अंदाजात गॅलपनी ड्यूईंना साडेएकोणपन्नास टक्के दिले आणि ट्रूमनना साडेचव्वेचाळीस. क्रॉसली त्याच्या आसपासच. रोपर यांनी तर ड्यूईंना बावन्न आणि ट्रूमनना सदतीस टक्के दिले. रोपर यांनी ९ सप्टेंबरलाच जाहीर केलं होतं की ड्यूई निवडून आल्यातच जमा आहेत, आता पुन्हा पुन्हा पाहणी छापण्यात अर्थ नाही. मतदान २ नोव्हेंबरला होतं. जवळजवळ आठ आठवडे आधी त्यांनी निकाल लावून टाकला. 'न्यूजवीक' साप्ताहिकानं राजकारणावर लिहिणाऱ्या पन्नास नामवंत पत्रकारांना विचारलं. पन्नासच्या पन्नास म्हणाले, ड्यूई.

आता या आठ आठवड्यांत मक्याच्या शेतात काय चाललं होतं ते पाहू.

अमेरिकेत तेव्हा आधारभावाची पद्धत अशी होती. पॅरिटी म्हणून एक भाव काढत. १९१०–१४ या वर्षांत शेतकऱ्याला एका बुशेल धान्यात जेवढं सामान विकत घेता येत होतं, तेवढंच आज घेता यावं, असा तो भाव. त्याच्या ९० टक्के आधार सरकार देई. पण तो कसा? सरकारची कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन शेतकऱ्याला धान्य तारण ठेवून आधारभावानं कर्ज देई. पुढे बाजारात भाव चढला तर शेतकरी धान्य विकून कर्ज फेडी. भाव नाही चढला तर धान्य सरकारच्या ताब्यात देऊन मोकळा होई. आपल्याकडच्या बाजार समित्यांच्या तारण योजनेत आणि त्यांच्यात हाच मोठा फरक. इथं भाव पडला तरी कर्ज शेतकऱ्याच्या मानेवर राहतं.

मात्र एक अट होती. धान्य मान्यता असलेल्या जागी साठवलेलं पाहिजे. गोदामाची पावती नाही किंवा मान्य झालेली कोठी नाही, तर आधारभाव कागदावरच. आम्ही हे इतकं फोडून सांगतो आहोत, कारण सगळी मेख इथंच आहे. हमीभावाचा आकडा जाहीर करणं सोपं. तो आकडा ज्या दारातून शेतकऱ्यापर्यंत पोचतो ते दार अरुंद केलं की झालं. हे आपल्या खरेदी केंद्रांवर बारदान संपल्याचा निरोप ऐकून परत फिरलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

१९४८ च्या जून महिन्यात तिथल्या संसदेनं या महामंडळाची नवी सनद मंजूर केली. तिथल्या संसदेचं नाव काँग्रेस आहे आणि तेव्हा तिच्यात रिपब्लिकन पक्षाचं बहुमत होतं. (आपल्या काँग्रेसशी याचा संबंध जोडू नका, तिची वेगळी यादी आपल्याकडे आहेच.) या सनदेत कलम घातलं की महामंडळानं साठवणुकीच्या नव्या जागा घेऊ नयेत. खाजगी धान्य व्यापाऱ्यांना सरकारी कोठ्या नको होत्या. संसदेत फारशी चर्चाही झाली नाही. उन्हाळ्यात कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण कणसं अजून शेतात होती.

आणि पीक आलं विक्रमी. वर्षाच्या सुरुवातीला मक्याला बुशेलमागं, म्हणजे साधारण पंचवीस किलोमागं, दोन डॉलरच्या वर भाव होता. ऑक्टोबरात तो दीड डॉलरच्याही खाली घसरला. आधारभाव कागदावर याहून वर होता. पण कोठी नाही, म्हणून तारण नाही. तारण नाही, म्हणून मिळेल त्या भावानं विक्री. शेतकरी गाडीभर मका घेऊन व्यापाऱ्याच्या दारात उभा, आणि शहरात रोपरसाहेबांनी दुकान बंद केलेलं.

ट्रूमन यांनी मात्र हे हेरलं. १८ सप्टेंबरला आयोवा राज्यातल्या डेक्स्टर गावी राष्ट्रीय नांगरटीची स्पर्धा होती. शेतात हजारोंचा समुदाय जमला होता. तिथं राष्ट्राध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले की या रिपब्लिकन काँग्रेसनं शेतकऱ्याच्या पाठीत दाताळं खुपसलं आहे. नंतर त्यांनी कोठ्यांच्या कलमाचं प्रकरण उलगडून सांगितलं. पुढे रेल्वेनं फिरताना गाडी जिथं थांबेल तिथं, डब्याच्या मागच्या सज्जात उभं राहून, त्यांनी तेच सांगितलं. त्या दौऱ्यांत तीनशेच्या वर भाषणं झाली. ड्यूई तेव्हा काय बोलत होते? देशाची एकता, उज्ज्वल भविष्य, कार्यक्षम कारभार. आपण जिंकलोच आहोत तर कशाला कोणाला दुखवायचं, असा त्यांचा आणि त्यांच्या सल्लागारांचा हिशेब. तो हिशेब त्यांना या पाहण्यांनीच शिकवला होता. भाकीत चुकलं, इथवर ठीक. पण ज्याला जिंकवलं त्यालाच त्यानं झोपवलं, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं.

या सगळ्यात एकच पाहणी बरोबर निघाली, आणि ती कोंबडीखाद्यवाल्याची होती. कॅन्सस सिटीच्या स्टेली मिलिंग कंपनीनं एक गंमत काढली. कोंबड्यांच्या खाद्याची पोती दोन तऱ्हेची छापली, एकावर गाढव, एकावर हत्ती. शेतकऱ्यानं आपल्या पसंतीचं पोतं उचलायचं. आत माल एकच. सहा राज्यांतल्या सुमारे वीस हजार शेतकऱ्यांनी पोती उचलली आणि गाढवाला ५४ टक्के मिळाले. कंपनीवाले घाबरले. गॅलप आणि रोपर एक सांगतात आणि आपली पोती भलतंच सांगतात, म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं म्हणून त्यांनी सप्टेंबरात मोजणी बंद केली. शेतकऱ्यानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पैशानं दिलेली साक्ष समोर पडलेली होती. शहरातल्या आकड्यापुढं ती खोटी ठरवली गेली.

मग २ नोव्हेंबरची रात्र आली.

'शिकागो ट्रिब्यून'च्या छापखान्यातल्या कामगारांचा संप होता. त्यामुळं अंक लवकर छपाईला द्यावा लागे. निकाल हातात नसताना त्यांनी पहिल्या पानावर मथळा टाकला की ड्यूईंनी ट्रूमनना हरवलं. तो अंक दोन दिवसांनी सेंट लुईसच्या स्टेशनावर दोन्ही हातांत धरून हसणाऱ्या ट्रूमन यांचा फोटो जगभर गाजला. तो तुम्ही कुठंतरी पाहिलाही असेल.

पण आम्हाला त्या रात्रीची दुसरी गोष्ट फार बोलकी वाटते. ट्रूमन मिसुरीतल्या एक्सेल्सिअर स्प्रिंग्ज गावातल्या हॉटेलात लवकर झोपी गेले होते. मध्यरात्री जाग आली, रेडिओ लावला. एन.बी.सी.वर काल्टनबॉर्न नावाचे बुजुर्ग समालोचक बोलत होते. त्यांचा सूर असा : ट्रूमन बारा लाख मतांनी पुढे आहेत खरे, पण त्यात काही नाही. खेड्यातली मतं अजून यायची आहेत. ती आली की ड्यूई पुढे जातील. तासामागून तास गेले. खेड्यातली मतं आली. आघाडी कमी होईना, उलट पहाटे चारच्या सुमाराला ती वीस लाखांवर गेली होती. पुढे जानेवारीत मेजवानीच्या भाषणात ट्रूमन यांनी काल्टनबॉर्न यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून लोकांना पोट धरून हसवलं.

काल्टनबॉर्न यांचा तर्क अडाणीपणाचा नव्हता. १९४० आणि १९४४ या दोन्ही निवडणुकांत आयोवा रिपब्लिकन पक्षाकडे गेलं होतं. १९४४ साली ड्यूईंनीच ते जिंकलं होतं. मागची दोन वर्षं पाहून पुढचं सांगायचं, हीच सगळ्या भाकितांची रीत. १९४८ ला आयोवा ट्रूमन यांच्याकडे आलं, २८ हजारांवर मतांनी. त्याच्या जोडीला विस्कॉन्सिन, कोलोरॅडो, वायोमिंग आणि ओहायो. ही पाचही राज्यं चार वर्षांपूर्वी ड्यूईंची होती.

शेवटचा हिशेब असा. ट्रूमन ३०३, ड्यूई १८९, थर्मंड ३९. एवढ्यावरून ही लढत सोपी वाटेल. पण ओहायोत जवळजवळ तीस लाखांच्या मतदानात फरक ७,१०७ मतांचा. कॅलिफोर्नियात १७,८६५. इलिनॉयमध्ये ३३,६१२. या तीन राज्यांची मिळून ७८ निर्वाचक मतं. तिन्हींत मिळून तीस हजारांहून कमी माणसांनी या बाजूचं मत त्या बाजूला दिलं असतं तर ड्यूई २६७ वर जाऊन राष्ट्राध्यक्ष झाले असते. देशभराच्या मतांत एकवीस लाखांहून जास्त मतांनी मागं असूनही! एक तालुकाही भरणार नाही एवढी ती माणसं. सकाळी ओहायोचा आकडा पक्का झाला आणि अकराच्या सुमारास ड्यूईंनी हार मान्य केली.

हा विजय फक्त शेतकऱ्यांनी दिला असं आम्ही म्हणणार नाही, ते खरंही नाही. कारखान्यांतला कामगार संघटितपणे ट्रूमन यांच्या मागं होता. उत्तरेतल्या शहरांतला कृष्णवर्णीय मतदार होता. त्यांच्यावाचून इलिनॉय आणि ओहायो आले नसते. पण स्वतः ड्यूईंनी नंतर एका पत्रात लिहिलं की शेवटच्या दहा दिवसांत शेतकऱ्यांचं मत फिरलं, १९४४ ला आपल्याकडे असलेलं ते मत गेलं आणि त्यानंच निवडणूक गेली. हरलेल्या उमेदवाराचं हे निदान आम्ही जिंकलेल्याच्या भाषणापेक्षा जास्त मानतो.

मग पाहणीवाले चुकले कुठं? त्यासाठी नंतर विद्वानांची समिती बसली, १९४९ साली तिचा अहवाल आला. एक कारण, विचारपूस फार आधी थांबली. ठरवलं नव्हतं अशा लोकांनी शेवटी काय ठरवलं ते कोणी पाहिलंच नाही. दुसरं कारण, माणसं निवडायची रीत. पाहणी करणाऱ्या पोराला कोटा दिलेला असे : इतके पुरुष, इतक्या बायका, इतके श्रीमंत, इतके गरीब. त्यातली नेमकी कोणती माणसं, ते त्यानं ठरवायचं. आता सांगा, तो पोरगा चिखल तुडवत शेवटच्या वस्तीवर जाईल की डांबरी रस्त्यालगतच्या, बरे कपडे घातलेल्या माणसाला विचारून कोटा पुरा करील? त्यात शिकलेली, खाऊनपिऊन सुखी माणसं जास्त भरली. ही रीत पुढे बदलली, चिठ्ठ्या टाकून माणसं निवडायची पद्धत आली. तरी घसरायचं थांबलं नाही. २००० साली फ्लोरिडा राज्य टीव्हीवाल्यांनी एका रात्रीत आधी गोर यांना दिलं, मग काढून घेतलं, मग बुश यांना दिलं, पुन्हा काढून घेतलं. शेवटी फरक निघाला ५३७ मतांचा. २०१६ साली विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियाच्या लहान गावांनी आणि खेड्यांनी पुन्हा एकदा सगळ्यांना तोंडघशी पाडलं.

आपल्याकडचं ताजं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोलनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा देऊन टाकल्या. ४ जूनला २९३ निघाल्या आणि कांद्याच्या दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. तेव्हा अनेकांनी छाती ठोकून सांगितलं की कांदा आता कायमचा विरोधी गेला. सहा महिन्यांच्या आत विधानसभा झाली आणि त्याच नाशिक जिल्ह्यातल्या पंधरापैकी चौदा जागा महायुतीला मिळाल्या. म्हणजे दोन्ही वेळा आपल्याला गृहीत धरलेलं होतं, फक्त धरणारे वेगळे. तेव्हा कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे की मोजणीच्या दिवशी टीव्हीसमोर बसण्याआधी आपल्या भागातल्या बाजारपेठेचे मागच्या दोन महिन्यांचे भाव एका वहीत उतरून ठेवा. कोणत्या बूथची मोजणी आधी होते, कोणत्याची शेवटी, तेही लिहा. पहिल्या पाच फेऱ्यांवर फटाके वाजवणाऱ्यांना वाजवू द्या.

राहिला प्रश्न, ट्रूमन यांना निवडून देऊन अमेरिकेच्या शेतकऱ्याला काय मिळालं? जून १९४९ मध्ये सनदेतलं ते कलम दुरुस्त झालं आणि महामंडळाला पुन्हा कोठ्या घेता आल्या. ही रोकड मिळकत. आधारभाव ९० टक्क्यांवरून खाली आणण्याचं १९४८ च्या कायद्यात ठरलं होतं, तेही पुढे ढकललं गेलं. ट्रूमन यांचे शेतीमंत्री ब्रॅनन यांनी नवी मोठी योजना आणली, ती मात्र संसदेत बारगळली. ती बारगळली ते बरं झालं की वाईट, यावर आमच्यातही एकमत नाही, तो वाद दुसऱ्या बैठकीसाठी ठेवू.

चार वर्षांनी, ६ सप्टेंबर १९५२ ला, मिनेसोटा राज्यातल्या कॅसन गावी नांगरटीची स्पर्धा भरली. या वेळी दोन्ही पक्षांचे उमेदवार, आयझेनहॉवर आणि स्टीव्हन्सन, एकाच दिवशी त्या शेतात हजर झाले. दोघांनीही आधारभावाची हमी दिली. पाहणीवाले १९४८ चा चटका बसल्यामुळं शेवटपर्यंत छातीठोक बोलायला तयार नव्हते. निकाल एकतर्फी लागला : आयझेनहॉवर ४४२, स्टीव्हन्सन ८९, आणि आयोवा मोठ्या फरकानं परत रिपब्लिकन पक्षाकडे. नव्या सरकारात बेन्सन हे शेतीमंत्री झाले, आणि १९५४ च्या कायद्यानं ९० टक्क्यांच्या ठाम आधारभावाची जागा वर-खाली होणाऱ्या आधारभावानं घेतली.